दहा सेंटिमीटर पाण्याचा आधार



एक उंच पेला पाण्याने भरा. रसवंतीवर मिळते तशी एक नळी त्यात उभी धरा आणि तिचे खालचे टोक पाण्यात बरोबर १० सेंटिमीटर खोल आहे ना, ते पट्टीने मोजून पाहा. आता वरून अगदी हळूहळू फुंका. प्रथम काहीच घडत नाही, नळीतले पाणी नुसते खाली सरकते. फुंकर थोडी वाढवली की टोकापाशी पहिला बुडबुडा सुटतो. त्या क्षणी तुमच्या तोंडातील हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा १० सेंटिमीटर पाण्याइतका अधिक असतो.

हा दाब फारसा मोठा नाही. आपल्या भोवतीच्या वातावरणाचा दाब याच मापाने मोजला तर सुमारे १,००० सेंटिमीटर पाण्याइतका भरतो. म्हणजे तुम्ही फुंकरीने त्यात शेकडा एक इतकीच भर घातली. पण एवढ्याशा दाबाच्या आधाराने माझे वडील गेली अनेक वर्षे रात्री सुखाने झोपतात. मध्यंतरी या दहातले तीन सेंटिमीटर कोठेतरी हरवले, आणि आमच्या घरात एक मोठा अपघात होता होता टळला. ते तीन सेंटिमीटर कसे हरवले, कसे सापडले आणि त्यामुळे जुने यंत्र बदलून नवे का आणावे लागले, ती हकीकत आज सांगणार आहे. तिच्यात तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र आहे.

घोरणे आणि श्वास अडणे

आम्ही परभणी जिल्ह्यातील सेलूचे राहणारे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शाळेत गणित शिकवीत. त्यांचे घोरणे आमच्या गल्लीत प्रसिद्ध होते. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत, तेव्हा शेजारचे लोक त्यावरून थट्टा करीत. आई मात्र हसत नसे. घोरता घोरता अण्णांचा आवाज एकदम बंद पडे आणि आई बोटांवर मोजू लागे. दहा, पंधरा, कधी पंचवीस. मग अण्णा गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेत, कूस बदलीत आणि पुन्हा घोरू लागत. सकाळी त्यांना यातले काहीही आठवत नसे. आई मात्र जागी असे.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया म्हणजे श्वास नसणे. झोपेत श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा फारच उथळ झाला, तर डॉक्टर ती एक घटना धरतात आणि तासाला सरासरी अशा किती घटना होतात ते मोजतात. मोठ्या माणसात पाचांपेक्षा कमी असतील तर ठीक. तिसांच्या वर गेल्या तर विकार तीव्र समजतात. २०१२ साली अण्णांची तपासणी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. त्यांचा आकडा ३८ निघाला. म्हणजे सरासरी दीड-दोन मिनिटांनी एकदा!

हा विकार विरळा आहे असे समजू नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची या दृष्टीने पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास वारंवार अडतो आणि दिवसाही झोप अनावर होते, असे पुरुष त्यांना शेकडा साडेसात आढळले. हे लोक आजारी म्हणून रुग्णालयात आलेले नव्हते, हे ध्यानात घ्या.

आता श्वास अडतो कशाने? नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत जाणारी घशातली वाट कडक नसते. श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, तशी या वाटेला नसतात. ती मऊ भिंतींची नळीच असते आणि भोवतालच्या स्नायूंनी तिला ताणून उघडी ठेवलेली असते. झोपेत स्नायू सैल पडतात. श्वास आत घेताना छाती फुगते आणि नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. भिजून मऊ झालेल्या कागदी नळीने घट्ट लस्सी ओढून पाहा. जोर लावाल तशी नळी चपटी होते, आणि चपटी झाली की आणखी जोर लावूनही काही येत नाही. ज्यांची वाट मुळात अरुंद असते, किंवा गळ्याभोवती चरबी असते, त्यांच्या घशाचे झोपेत असेच होते. वाट अर्धवट मिटली की तिच्या भिंती फडफडतात, ते घोरणे. पूर्ण मिटली की श्वास बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, झोप क्षणभर चाळवते, स्नायू ताणले जातात आणि वाट उघडते. रात्रभर हेच चालते. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो खरा, पण त्याला झोप अशी मिळतच नाही. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो.

वाऱ्याच्या कामट्या

हात मोडला की तो हलू नये म्हणून बाहेरून बांबूच्या कामट्या बांधतात. घशाला कामट्या बांधायच्या कशा? पूर्वी तीव्र विकारावर हमखास उपाय एकच होता: गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. घसा बाहेरून धरता येत नसेल तर आतून हवेने फुगवून धरावा. सायकलची रिकामी ट्यूब लोळागोळा पडलेली असते. थोडी हवा भरताच ती गोल होते, तसे. त्यांनी पंख्याने हवा ढकलून नाकावाटे घशात थोडा जादा दाब रात्रभर कायम ठेवला. वाट मिटेना! पाच रुग्णांवरचे हे निष्कर्ष १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या वेळी लागलेला दाब साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका होता. आरंभीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा वापरलेला असे. फरक इतकाच की त्याने हवा ओढण्याऐवजी सोडायची.

अशा यंत्राला सीपॅप म्हणतात. त्याविषयी एक गैरसमज आधीच काढून टाकू या. हे ऑक्सिजनचे यंत्र नव्हे, आणि रुग्णाच्या ऐवजी श्वास घेणारे यंत्रही नव्हे. ते खोलीतलीच हवा गाळून देते. श्वास माणूस आपला आपणच घेतो. यंत्र फक्त वाट उघडी धरते.

२०१२ साली आम्ही असे एक यंत्र घेतले. नवे परवडण्याजोगे नव्हते म्हणून कोणी वापरलेले, जुन्या घडणीचे घेतले. डॉक्टरांनी दाब १० ठरवून दिला, बटण १० वर ठेवले. त्या रात्री अण्णा घोरले नाहीत. यंत्राच्या घूं-घूं आवाजात आईसुद्धा कित्येक वर्षांनी सलग झोपली.

"चालतंय की!"

बारा वर्षे गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात एका सकाळी अण्णा देवापुढे बसले असताना त्यांना डुलकी लागली. खांद्यावरच्या उपरण्याचा सोगा घसरून निरांजनावर गेला. आई तेथेच फुले निवडत होती म्हणून निभावले. तळहाताएवढे उपरणे जळाले, अण्णांना इजा झाली नाही. मग एकेक गोष्टी आठवू लागल्या. वर्तमानपत्र वाचताना ते हातातून गळून पडणे, सकाळी डोके जड असणे, विनाकारण चिडणे. बारा वर्षांपूर्वीची सारी लक्षणे परत आली होती.

मी म्हटले, "अण्णा, यंत्र बदलायला झाले."

अण्णा म्हणाले, "कशाला? चालतंय की! वारा येतो, आवाज येतो, बटण दहावर आहे. चालू वस्तू टाकून द्यायची आणि पाऊण लाखाची नवी आणायची, हे कोणते शास्त्र?"

त्यांचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्यात एक फट होती आणि ती फट त्यांच्यासारख्या गणिताच्या शिक्षकाच्याही ध्यानात आली नव्हती. बटणावरचा दहा हा आकडा कोणी मोजलेला होता का? नाही. ती यंत्राला केलेली आज्ञा होती. आज्ञा पाळली गेली की नाही, हे पाहायला त्या यंत्रात काहीच नव्हते. वाण्याला "एक किलो साखर दे" असे सांगणे वेगळे आणि घरी आणलेली साखर काट्यावर ठेवून पाहणे वेगळे.

गवंड्याची नळी आणि कुंकवाचे पाणी

मग आम्ही ती तागडीवर घातली. गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर आणली. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधली, मध्ये आलेखाचा कागद चिकटवला आणि कुंकू कालवलेले पाणी अर्ध्यापर्यंत भरले. झाला दाबमापक! अण्णांच्या मास्कला टोपणाने झाकलेले एक लहान तोंड होते. दाब मोजण्यासाठीच ते ठेवलेले असते. त्याला नळीचे एक टोक जोडले. दुसरे टोक हवेत मोकळे. अण्णांनी मास्क लावला, यंत्र सुरू केले आणि आम्ही सगळे आलेखाच्या कागदावर डोळे लावून बसलो.

एका बाजूचे पाणी खाली गेले, दुसऱ्या बाजूचे वर चढले. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात, ती करू नका. एकाच बाजूचे पाणी मूळ पातळीपासून किती हलले ते वाचायचे नसते. दोन्ही पातळ्यांतील फरक वाचायचा असतो. एक बाजू सव्वातीन सेंटिमीटर उतरली होती, दुसरी तेवढीच चढली होती. फरक साडेसहा.

अण्णांनी चष्मा लावून स्वतः वाचले. "साडेसहा? बटण तर दहावर आहे."

प्रथम गाळणी तपासली. आमच्या भागात कापसाचा हंगाम सुरू झाला की हवेत बारीक तंतू उडतात, उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ असते. गाळणीचा रंग ओळखू येत नव्हता. नवी गाळणी घातली. फरक ७ झाला. अर्धा सेंटिमीटर मिळाला, तीन गेलेलेच राहिले. मास्कच्या कडेने हवा निसटत असावी म्हणून त्याचे पट्टे नीट केले, पण आकडा हलेना. दोष पंख्यात होता.

यंत्राच्या पोटात काय असते?

सीपॅप यंत्राच्या पोटात एक अपकेंद्री पंखा असतो. घरातला पंखा हवा पुढे ढकलतो; अपकेंद्री पंखा हवा मध्यभागी घेऊन कडेकडे भिरकावतो. गोफणीतला धोंडा आठवा. हवेला असे भिरकावले की कडेला दाब वाढतो. स्थूलमानाने

दाब = ½ × हवेची घनता × (पात्याच्या टोकाचा वेग)²

हे सूत्र वापरून तुम्हीच आकडे काढा. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ९८० पास्कल. आमच्याकडे उन्हाळ्यात हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरा. टोकाचा वेग येतो सेकंदाला सुमारे ४२ मीटर. पंख्याची त्रिज्या अडीच सेंटिमीटर धरली, तर त्याला मिनिटाला सुमारे १६,००० फेरे घ्यावे लागतील. असा पंखा वर्षानुवर्षे रोज सात-आठ तास फिरला की त्याचे बेअरिंग झिजते, मोटर थकते.

आता सूत्रातला वर्ग पाहा. खरी गोम तेथे आहे. वेग शेकडा १० कमी झाला, तर दाब शेकडा १० ने कमी होत नाही, ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे तो शेकडा १९ ने उतरतो. मग दाब दहाचा सात व्हायला वेग किती उतरावा लागेल? ०.७ चे वर्गमूळ सुमारे ०.८४. म्हणजे वेगात शेकडा १६ घट पुरे.

पंख्याचा वेग उतरला की त्याचा सूरही उतरतो. मग तो आम्हाला ऐकू कसा आला नाही? तुमच्यापैकी जे पेटी वाजवतात त्यांनी षड्ज धरून ठेवावा, मग त्याच्या खालचा शुद्ध धैवत वाजवावा. या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण ६ : ५ असते. वेगातली घट नेमकी एवढीच होती. एकापाठोपाठ एक ऐकले तर लहान मूलही फरक ओळखेल. पण षड्जापासून धैवतापर्यंतचा हा उतार बारा वर्षांत, रोज केसभर असा झाला. तो कोणत्या कानाला कळणार? आमच्या यंत्राने सूर गमावला आणि आम्हाला तो जन्मापासूनचाच वाटत राहिला. रोजच्या सहवासातली हळूहळू होणारी झीज ज्ञानेंद्रियांना कळत नाही, म्हणून तर मोजमापाची साधने लागतात.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पेपर कोरा देऊन स्वतःच शंभर मार्क लिहून घ्यावेत, तसे केले की याने. चल, डॉक्टरांकडे जाऊ."

नवे यंत्र अधिक जोरात फुंकते का?

पुष्कळांना वाटते की नवे यंत्र म्हणजे अधिक ताकदीचे यंत्र. तसे नाही. लागणारा दाब तोच, सहा-आठ-दहा-बारा सेंटिमीटर पाण्याचा. मग नवे काय असते? नवे यंत्र मोजते.

दूध तापवण्याचे दोन प्रकार पाहा. एकात गॅस बारीक करून तुम्ही बाहेर निघून जाता. दूध कमी असो, भांडे पातळ असो, ज्योत तेवढीच राहते. दुसऱ्यात आई समोर उभी असते. दूध वर येऊ लागले की ज्योत कमी करते, खाली बसले की वाढवते. या दुसऱ्या पद्धतीला विज्ञानात फीडबॅक म्हणतात. परिणाम पाहायचा आणि त्यावरून कारण सुधारायचे. आमच्या जुन्या यंत्राचा प्रकार पहिला होता, नव्याचा दुसरा. नव्यात दाब मोजणारा एक संवेदक असतो आणि हवेचा प्रवाह मोजणारा दुसरा. दाब किंचित उतरला की यंत्र क्षणार्धात पंख्याचा वेग वाढवते. मोटर थोडी झिजली, गाळणी थोडी तुंबली, तरी काही मर्यादेपर्यंत दाब राखला जातो. उंच ठिकाणी हवेची घनता कमी असते. तापमान तेच धरले तर सेलूत १० दाब देणारा पंखा त्याच वेगाने महाबळेश्वरला ९ च्या आसपासच देईल. नवे यंत्र ती तूटही स्वतःच भरून काढते.

प्रवाह मोजण्याचा उपयोग आणखी मोठा आहे. निवांत श्वास आत घेताना प्रवाहाचा आलेख काढला तर तो गोल टेकडीसारखा दिसतो. घसा मिटू लागला की छाती कितीही ओढो, प्रवाह ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. टेकडीचा माथा कापल्यासारखा सपाट होतो, टेकडीचे पठार बनते. घोरणे सुरू होण्याच्याही आधी हा बदल दिसू शकतो. स्वयंचलित प्रकारचे यंत्र पठार दिसताच दाब हळूहळू वाढवते, टेकडी परत आली की काही वेळाने उतरवते. उताणे झोपल्यावर जास्त दाब लागतो, कुशीवर कमी. रात्रभर एकच दाब धरण्याचे कारण उरत नाही.

कधी कधी श्वास थांबतो तो घसा मिटल्यामुळे नव्हे, तर मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न आल्यामुळे. तेथे दाब वाढवून उपयोग नाही. हा भेद काही यंत्रे कशी ओळखतात, पाहा. ती दाबाची अगदी सूक्ष्म आंदोलने घशाकडे पाठवतात आणि प्रवाह त्याला कसा साथ देतो ते बघतात. बोळातून हाक मारली की प्रतिसादावरून टोकाचे दार उघडे आहे की बंद ते समजते, तसाच हा प्रकार.

आमच्या डॉक्टरांनी फिरून तपासणी करून अण्णांना स्वयंचलित यंत्र दिले आणि दाबाच्या खालच्या-वरच्या मर्यादा आखून दिल्या. पहिल्या आठवड्याची नोंद आली: रात्रीचा बहुतेक वेळ दाब ८ ते ११ च्या दरम्यान, श्वास अडण्याच्या घटना तासाला ३. अण्णा आता रोज सकाळी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा एका वहीत लिहितात, पूर्वी वर्गाची हजेरी घेत तसा.

यंत्र बदलताना

तुमच्या घरी किंवा शेजारी असे यंत्र असेल, तर काही गोष्टी मोठ्यांना सांगा.

पहिली, यंत्राला वय असते. अमेरिकेत सरकारी विमा योजनेत अशा यंत्राचे वाजवी आयुष्य पाच वर्षांचे धरतात. पाच वर्षे झाली की ते लगेच टाकावे असे नव्हे. पण त्यानंतर "चालतंय की" एवढ्यावर विसंबू नये, दाब मोजून घ्यावा.

दुसरी, झीज केवळ मोटरची होते असेही नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातील आपली लक्षावधी यंत्रे परत मागवली. (आमचे यंत्र त्यांतले नव्हते.) आवाज कमी व्हावा म्हणून त्यांत पॉलिएस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनचा स्पंज बसवलेला होता. त्या रेणूंतील एस्टर बंध पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतात, उष्णता आणि दमटपणा असेल तर अधिक लवकर. ओझोनने यंत्र स्वच्छ करण्यानेही स्पंज बिघडतो, असे कंपनीने सांगितले. स्पंजाचा भुगा श्वासात जाण्याचा धोका होता. दुरुस्त यंत्रांत मग सिलिकोनचा स्पंज घातला गेला. रसायनशास्त्राच्या पुस्तकातले जलीय अपघटन असे माणसाच्या उशाशी येऊन बसते!

तिसरी, मास्क. त्याला बारीक छिद्रे असतात. ती गळती समजून बुजवू नयेत. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर जातो. वीज गेली आणि पंखा थांबला, तर हा वायू नळीत साचू लागतो. म्हणून मास्क काढून ठेवावा.

चौथी, वीज. आमच्या भागात हा प्रश्न सुटत नाही. हिशेब सोपा आहे. यंत्राला सरासरी ३० वॉट लागतात असे धरले, तर आठ तासांना २४० वॉट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची बॅटरी भरलेली असताना कागदावर १,८०० वॉट-तास देते. प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी. म्हणजे एक रात्र सहज निघते. हवा दमट करण्यासाठी काही यंत्रांत पाणी तापवण्याची सोय असते; ती चालू असेल तर खर्च पुष्कळ वाढतो. त्या भांड्यात बोअरचे पाणी घालू नये. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे कढईला कसे पांढरे थर बसतात ते तुम्ही पाहिलेच आहे. ऊर्ध्वपातित पाणी वापरावे.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची. आम्ही दाब मोजला, बदलला नाही. किती दाब द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे. आकडा कमी निघाला म्हणून बटण तेरावर फिरवून ठेवणे हा वेडेपणा होय. मोजलेला आकडा घेऊन डॉक्टरांकडे जावे.

जुने यंत्र कोठे गेले?

जुने यंत्र एका परिचितांनी मागितले होते. "नाहीतरी पडूनच राहणार, माझ्या भावाला होईल," असे त्यांचे म्हणणे. अण्णांनीच नकार दिला. म्हणाले, "खोटा आकडा सांगणारे यंत्र दुसऱ्याच्या उशाशी कसे ठेवू? त्यापेक्षा त्यांच्या भावाला तपासून घ्यायला सांग."

आता ते आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. विद्यार्थ्यांनी त्याचे वरचे कवच काढून पंखा उघडा केला आहे आणि शेजारी गवंड्याची ती नळी, कुंकवाच्या पाण्यासह, फळीवर लावली आहे. बटण १० वर फिरवतात, नळीत ७ वाचतात आणि मग चर्चा सुरू होते. शिक्षक मित्रांनी आपल्या शाळेत अशी नळी जरूर करावी. तिला फार तर शंभर रुपये लागतात आणि तिने पाण्याच्या टाकीपासून फुग्यापर्यंत काय काय मोजता येते! फुगा फुगवायला सुरुवातीला जास्त दाब लागतो की नंतर, हे आधी अंदाजाने सांगा, मग मोजून पाहा.

जाता जाता दोन गणिते. पंख्याचा वेग शेकडा २० ने कमी झाला, तर दहाचा दाब किती उरेल? आणि तुमच्या घरात अशी कोणकोणती यंत्रे आहेत की ज्यांच्यावरचा आकडा ही केवळ आज्ञा आहे, मोजणी नव्हे? इस्त्रीची चकती, फ्रिजचे बटण, पंख्याचा रेग्युलेटर यांपासून सुरुवात करा. पहिल्या गणिताचे उत्तर पाच मिनिटांत मिळेल. दुसऱ्यासाठी सगळे घर पालथे घालावे लागेल, आणि ते करताना आजोबांच्या खोलीत जायला विसरू नका.